दादांची दोन पत्रं

कोणाबद्दल असं लिहिण्याचा मला अधिकार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. चांदूर बाजारजवळच्या आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. परीक्षेच्या पेपरापलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. पण राजापेठेतल्या खोलीत ज्यांच्यासोबत दोन वर्षं राहतो आहे, त्या दादांइतका तत्त्वाचा माणूस अख्ख्या वऱ्हाडात नसेल, आणि ते तत्त्व पाळताना एवढा हैराण होणाराही नसेल.

दादा मूळचे बार्शीटाकळीचे. इथे एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांचं तत्त्व एकच : "मानसाचं मत येगळं, काम येगळं." ते सिद्ध करायला ते मुद्दाम विरुद्ध पक्षाच्या न्हाव्याकडे दाढीला जातात. वस्तऱ्याखाली मान देऊन दादा पक्षाचा विषय काढतात, न्हावी वस्तरा हवेत धरून उत्तर देतो, आणि तासाभरानं दादा एका गालावर साबण घेऊन खोलीवर परततात. "हात सोन्याचा हाय त्याचा," राहिलेला गाल स्वतः करताना ते म्हणतात, "डोकंच तेवढं सडेल हाय." माझा कॉलेजातला निबंध वाचून त्यांनी अक्षराची स्तुती केली आणि त्यातल्या मतांबद्दल दोन दिवस अबोला धरला. त्या दोन दिवसांतही माझ्या वाटणीचा भात मात्र झाकून ठेवलेला असे.

दादांना एक ॲप सापडलं होतं. लोक लिहितात, गाणी-फोटो टाकतात, तसलंच. पण कोणा कंपनीचं नाही. जगभरातले प्रोग्रामर ते फुकट बनवतात, आणि आतला कोड सगळ्यांना खुला. दादांनी ते गावी आपल्या आईच्या फोनमध्ये टाकून दिलं. आईजवळ भुलाबाईच्या सणात बाया मिळून म्हणतात त्या गाण्यांची वही आहे. ती गाणी येणाऱ्या बाया गावात ती आणि शेजारची काकू अशा दोघीच उरलेल्या, म्हणून ती जगाला ऐकवायची तिची फार इच्छा. पण बटनं सगळी इंग्रजीत. "मराठीत कर, मंग मीच टाकीन," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या हातानं टाकाचं नाई मले."

चार महिने खपून दादांनी एकेक बटन मराठीत आणलं. ते स्वीकारायचं की नाही, हे मुख्य प्रोग्रामरच्या हाती. पाठवायच्या आदल्या दिवशी दादांनी सहज त्याचं पान उघडलं. बाहेरून आलेल्यांनी आपापल्या देशात चालतं व्हावं, असं तो माणूस रोज सकाळी न चुकता लिहीत होता.

"दादा, मत येगळं, काम येगळं," मी भीत भीत म्हणालो.

"मंग थेच करून राहिलो न!" दादांनी दोन पत्रं लिहिली. एकात भाषांतर, दुसऱ्यात खरडपट्टी.

"आधी भाषांतर घेऊ द्या न त्याले. खरडपट्टी मंग पाठवा."

"काहून? काम काढून घ्याचं अन् मंग बोलाचं? थे बेइमानी होईन, बाबू."

दोन्ही पत्रं एकाच मिनिटात गेली. दोन्हींच्या खाली "आपला नम्र".

खरडपट्टीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं : वाचलं, पटलं नाही. भाषांतराबद्दल अवाक्षर नाही. महिन्यांमागून महिने गेले. आई फोनवर विचारायची, "झालं काय रे मराठीत?" दादा सांगायचे, "साहेब सुटीवर हायेत." त्या माणसाला साहेब म्हणताना त्यांचा चेहरा काढा प्यायल्यासारखा होई. एकदा त्यांनी माफीचं पत्रही लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि पुसून टाकलं. "मायच्या गान्यासाठी माफी मागतो रे मी," ते म्हणाले, "पन तिले समजलं, त थे गानंच नाई म्हनाची."

मागच्या रविवारी आम्ही जेवायला बसलो असताना आईचा फोन आला. दादांनी सवयीनं सुरू केलं, "माय, साहेब अजून..."

"राहू दे तुया साहेबाले," पलीकडून आवाज आला. "सकाळपासून बटनं मराठीत दिसून राहिले. दोन गाने टाकले म्या. एकटीनंच म्हनले. शेजारची काकू गेली न रे मागच्या महिन्यात."