जित्यांसाठी दोन मिनिटं

"हसू नकोस हं. जरा आजारी दिसायला हवं."

पेणच्या थेटरात, मॅनेजरच्या खोलीत, क्लबातल्या एक बाई माझ्या तोंडाला पावडर लावता लावता हे बोलल्या. मी आजारी होतेच की! जन्मापासून. माझ्या अंगात धड रक्त तयार होत नाही, दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं चढवावं लागतं. थॅलेसेमिया म्हणतात त्याला. पण आमचं घर मिठागरावरचं, रंग उन्हानं रापलेला. बाईंना माझ्या तोंडावर आजार काही दिसेना. म्हणून पांढरी पावडर थापली. मानेवर लावायची राहिली, ते मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

एकोणीसशे नव्वदनंतरची गोष्ट. मला सोळावं चाललेलं, दिसायचे दहाची. गावातल्या बड्या लोकांच्या एका क्लबानं आमच्यासाठी पिक्चरचा खास खेळ ठेवला होता. हा क्लब रक्तदानाची शिबिरं घ्यायचा, ते रक्त आम्हा पोरांना मिळायचं. त्यामुळे बोलावलं की जायचं. आई म्हणाली, "जा गो, त्यांच्या जिवावर आपण हाव." मी नवा ड्रेस घातला. खुशीत गेले. खोटं कशाला बोलू?

पिक्चर प्रेमाचा. दोन कोवळी पोरं, दोघंही दुखण्यानं बेजार, हॉस्पिटलात त्यांचं जमतं. हिरॉइन मरायला टेकलेली, पण केस धुतलेले, ओठाला लाली. एकदाही तिला सुई टोचताना दाखवली नाही. आमच्या हातांच्या शिरा टोचून टोचून बसलेल्या, नर्स पायावर शोधायची. हिला नुसती चक्कर यायची, तीही हिरोच्या अंगावर. मागच्या रांगांत बाया हुंदके देत होत्या.

माझ्या शेजारी इक्बाल बसलेला. रोह्याचा, कोकणी मुसलमानाचा पोरगा, बाप आखातात. त्यालाही हाच आजार. दवाखान्यात आमच्या खाटा शेजारी-शेजारी. त्याची बाटली आधी संपली तरी माझी संपेपर्यंत तो बसून राहायचा, रोह्याची एसटी चुकवायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, चक्कर येते. मला ठाऊक होतं चक्कर-बिक्कर काही नाही. त्या दिवशी बापानं पाठवलेलं अत्तर लावून आला होता.

"हिला रक्त चढताना थंडी पण वाजत नाय," तो कानात म्हणाला. मी फिदीफिदी हसले. पुढच्या खुर्चीतून पावडरवाल्या बाईंनी वळून डोळे वटारले.

मध्यंतर झालं. दिवे लागले. आम्हा पोरांना पडद्यासमोर ओळीत उभं केलं. एकेकाच्या अंगावर शाल, हातात नारळ. टाळ्या. मग अध्यक्षांनी माईक घेतला.

"ही फुलं उमलण्याआधीच कोमेजणार आहेत. अशी मुलं विशी ओलांडत नाहीत. पुढच्या वर्षी यातली किती आपल्यात असतील, देव जाणे."

मला कुणी सांगितलं नव्हतं. खरंच सांगते, कुणी म्हणजे कुणीच नाही. आई म्हणायची, मोठी झालीस की रक्त लागणार नाय. मी तेच धरून बसले होते. आणि हा माणूस भरल्या थेटरात, माईकवर, माझं मरण सांगून मोकळा झाला. मी आईला शोधलं. ती मागच्या दाराशी उभी होती. तिनं पदर तोंडात कोंबला होता. म्हणजे तिला माहीत होतं.

तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "या चिमुकल्यांसाठी आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहूया."

आता याला काय म्हणायचं? त्या माणसाच्या जिभेला शोकसभांची सवय. शाल, नारळ, भाषण, मग मौन. एका कार्यक्रमाचं दुसऱ्याला चिकटलं असेल. पण थेटर उभं राहिलं! सगळं थेटर. डॉक्टर, वकील, मास्तर, दुकानदार, त्यांच्या बायका. माना खाली. दारात वडे विकणारा थांबला, त्यानंही टोपी काढली. शिकलेल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की ज्यांच्यासाठी उभे आहोत ती पोरं समोर उभी आहेत, श्वास घेताहेत, नारळ जड झाला म्हणून या हातातून त्या हातात घेताहेत.

इक्बालनं हळूच विचारलं, "कोण मेलं?"

माझं डोकं फिरलं. मी माईक ओढला.

"खाली बसा सगळे! मयत झालेलं नाय इथं कुणी. आमी जिते हाव!"

आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकले. अध्यक्ष कसनुसं हसून म्हणाले, "बाळ, भावना आवर."

"माझ्या भावना ऱ्हावं द्या. तुमी आमच्या मौतीला आलाव की पिक्चरला, ते सांगा."

शाल काढली, त्यांच्या हातावर ठेवली. वर नारळ ठेवला. इक्बालनंही ठेवला. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "मिठागरावरची ती. उपकाराची जाण कुठून असणार?" ते वाक्य मला अजून त्याच आवाजात ऐकू येतं. पिक्चरचा दुसरा भाग मी पाहिला नाही. काय झालं असेल ते सांगायला कुणी नको.

रक्त चढवायच्या पुढच्या पाळीला दवाखान्यात गेलो तर रक्त नाही. माझ्यासाठी नाही, इक्बालसाठी नाही. क्लबाचा माणूस येऊन गेला होता. त्याचा निरोप आईनं सांगितला. पुढच्या कार्यक्रमात स्टेजवर जाऊन माफी मागायची, मग बघू.

आईनं माझे पाय धरले. आईनं, माझे! "माग गो माफी. शब्दानं काय झिजतेस तू? तुला काय झालं तर मी काय करू?" तिच्यावर चिडता येत नव्हतं, म्हणून जास्त चीड आली. ज्यांनी तिला माझ्या पायाशी वाकवलं त्यांची. रक्त कुणाचं? शिबिरात झोपायचे ते रिक्षावाले, हमाल, कॉलेजची पोरं. क्लबाचा तो नुसता बॅनर. आणि त्या बॅनरच्या जोरावर हे आमच्या नाकात वेसण घालणार?

"मरू दे मला," मी म्हणाले. "पण त्या स्टेजवर मी जाणार नाय."

दिवस जात होते तशी मी पांढरी पडत चालले. चार पायऱ्या चढले की छाती धडधडायची. इक्बाल आला, तोही तसाच, ओठ सुकलेले. त्याला बापाचा आखातातून फोन आला होता, माफी माग म्हणून.

"मागणार?" मी विचारलं.

"नाय. पण रक्त कुठनं आणायचं ते बोल."

आम्ही रोह्याला गेलो. तिथल्या एका कंपनीच्या गेटवर, शिफ्ट सुटायच्या वेळी. आई माझ्यामागे आली. मनात तिच्या माफीच होती, पण आली. भोंगा झाला, माणसं सायकली घेऊन बाहेर पडायला लागली. मला आधी लाज वाटली. मग थेटरातला तो आवाज आठवला, उपकाराची जाण. आणि लाज गेली.

"दादा, आम्हाला रक्त लागतं. सुट्टीच्या दिवशी पेणला दवाखान्यात याल का?"

बरेच जण बाजूनं निघून गेले. एकानं मला दहा वेळा सांगितलं की रक्त दिलं की ताकद जाते. काही थांबले. त्यातला एक टक्कलवाला, डबा काखेत धरलेला, मला खालून वर बघत म्हणाला, "किती वर्षं जगणार गो तू? रक्त फुकटच जायचं."

आई पुढे होऊन काहीतरी बोलणार होती. मी तिला हातानं मागे सारलं.

"ते माझं मी बघेन," मी म्हणाले. "तू रक्त देणार हायस का, तेवढं बोल."

तो बघत राहिला. मीही बघत राहिले. त्याच्यासाठी मी डोळे खाली घालणार नव्हते, कुणासाठीच घालणार नव्हते. जोवर लागेल तोवर मागणार, गेटवर मागणार, बाजारात मागणार, आणि हात जोडून एकदाही नाही.