लाखेची मूठ

माधवदादा सायकलच्या शर्यतीत कसा पडला, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे — आणि ती खोटी आहे. खरी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आईला नाही, मैत्रिणींना नाही, देवासमोरही नाही. तुम्हाला सांगते आहे म्हणून मी मऊ झाले, असे मात्र समजू नका.

मी फार बोलत नाही. नागपूरच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक होऊन गोंदियाला परतले, तेव्हा घरच्यांना वाटले, पोरगी शिकून मुकी झाली. लढाईमुळे बिरसीला विमानांची धावपट्टी झाली होती आणि तिकडचा रस्ता रुंद, पक्का झाला होता. उजाडायच्या आधी दादाची सायकल घेऊन, त्याचाच पायजमा चढवून, मी त्या रस्त्यावर जात असे. हे फक्त दादाला माहीत होते. बाबांना कळले असते तर सायकल कायमची बंद.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती धानाची शेते, वाऱ्याला आडोसा नाही. ताठ बसले की वारा छातीवर हात ठेवून मागे ढकलतो. वाकले पाहिजे — पण सरळ हँडलवर वाकणार किती? पेडल उलट दाबले की थांबणारी सायकल होती ती, हँडलला ब्रेकचे गज नव्हते. मी दादाला म्हटले, हँडल उलटे बसवून घे. स्टेशनाजवळच्या गुलाब मिस्त्रीने ते उलटे करून कसून दिले. हात खाली गेले, पाठ आडवी झाली, वारा वरून निघून जाऊ लागला. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

पण जितके खाली वाकावे, तितका अंगाचा भार हातांवर येतो, आणि घामाने ओला हात चकचकीत लोखंडावर टिकत नाही. मी सुतळी गुंडाळली — तळव्यांना फोड आले. बाबांचा लाखेचा व्यापार, लाख घरातच. सुतळीवर वितळलेली लाख चढवली. दिसायला सुंदर, काचेसारखी. आणि बिरसीच्या अलीकडच्या पुलाजवळ त्याच काचेवरून माझे हात सुटले. गुडघा फुटला. आईला सांगितले, विहिरीच्या पायरीवर घसरले. मग सुचले — लाख मऊ असतानाच तिच्यावर गोणपाट दाबायचे. गोणपाटाची वीण लाखेत उमटली, आणि त्या मुठीवरून हात हलेना.

दिवाळीनंतर शर्यत होती, बिरसीपर्यंत जाऊन परत. दादाचे मित्र सायकल पाहायला आले. एकाने विचारले, "माधव, ये किसने किया रे?"

"कोण करणार? म्याच केलं," दादा म्हणाला. मी तिथेच चहाचे कप ठेवत होते.

ते गेल्यावर मी त्याला म्हटले, एकदा, फक्त सरावाला, दिवसाउजेडी मला सगळ्यांसमोर तुझ्यासोबत येऊ दे. तो हसला.

"तू कायले? लोक शर्यत पाहाले येऊन राहिले, तुले पाहाले नाही. हँडल मस्त बनवतेस, तेच बनव."

शर्यतीच्या आदल्या दुपारी मी निखारे घेतले. मूठ शेकली आणि मऊ झालेल्या लाखेवरून ओले फडके फिरवत राहिले, गोणपाटाची शेवटची रेघ जाईपर्यंत. दादा खूश झाला. म्हणाला, "आता कशी विमानावानी चमकून राहिली."

तो पडावा, असे मला वाटत होते का? हरावा, असे वाटत होते. पण पडू शकतो, हे माहीत होते. ते मला माझ्या गुडघ्याने शिकवले होते.

त्याला बैलगाडीतून घरी आणला. त्याच पुलाजवळ पडला होता. मनगटाचे हाड मोडले आणि वाकडेच सांधले.

बाबांनी गुलाब मिस्त्रीला बोलावून दारातच धरले — हँडल उलटे करून पोराचा हात घालवलास. मिस्त्री म्हणाला, "शेठ, म्या पाना फिरवला, बस. लाखेले हात नाही लावला. कोणी लावली, ते घरात पुसा."

बोलताना तो बाबांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत होता. माझ्या बोटांवर लाखेचे चटके होते. मी हात पदराखाली लपवला. दादाही बोलला नाही. 'म्याच केलं' म्हणून मित्रांना सांगून बसला होता, आता कोणत्या तोंडाने सांगणार? त्याची चुप्पी त्याच्याजवळ. माझी माझ्याजवळ.

बाबांनी ती गोष्ट बाजारभर सांगितली. मिस्त्रीकडे सायकल टाकायला लोक बिचकू लागले. उन्हाळ्याच्या आत दुकान बंद करून तो बायकापोरांसह आमगावला निघून गेला.

मी का बोलले नाही? भिऊन? नाही. खरे सांगितले असते तर पहाटेचे सगळे बाहेर आले असते, आणि तो रस्ता गेला असता. एका बाजूला त्या माणसाचे दुकान, एका बाजूला माझा रस्ता — मी रस्ता घेतला. पूर्ण शुद्धीत घेतला. मला कुणी ढकलले नाही. तिथे पुन्हा उभी केलीत तर काय करीन, ते मला माहीत आहे, आणि ते ऐकून तुम्हाला मी आवडणार नाही.

दादाची मूठ आता पुरती मिटत नाही. बाबांनी सायकल विकायला काढली, तेव्हा मी म्हटले, मुलींच्या शाळेत शिकवायला जायला मला लागेल. ते "घे" म्हणाले. इतके सोपे होते ते.

आता भर उजेडात, पातळाचा काचा मारून, बाजारातून जाते. पोट्टे मागून ओरडतात, ओरडू देत. हँडल मी सरळ करून घेतलेले नाही. सायकल हाती आली त्याच दिवशी लाख पुन्हा शेकली आणि तिच्यावर गोणपाट दाबले.

पावसातसुद्धा माझे हात घसरत नाहीत.