सुनंदाताईंनी थांबवलेली गाडी

सुनंदाताई वाळुंज यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकासाठी लेख द्या, असं आमच्या मोटारप्रेमी मंडळाच्या समितीनं कळवलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पाठोपाठ फोन आला. "ताईंच्या कामाबद्दल लिहा, स्वभावाबद्दल लिहा. तो शेंदराचा विषय तेवढा टाळा. शुभकार्य आहे." मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. आता लिहायला बसलोय आणि तो विषय टाळणार नाही. ज्यांना वाईट वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

रीतीप्रमाणे पहिल्या भेटीपासून सुरुवात करतो. तळेगावच्या एका कारखान्यात ब्रेकच्या चाचणी विभागात इंजिनिअर म्हणून उमेदीची वर्षं काढून ताईंनी उर्श्याला स्वतःचं वर्कशॉप नुकतंच काढलं होतं. मी तेव्हा लोणावळ्याला मामांच्या गॅरेजमध्ये होतो. पार्ट न्यायला म्हणून उर्श्याला गेलो, तर मुंबईचे एक गृहस्थ जमिनीला टेकेल अशी बुटकी स्पोर्ट्स कार घेऊन उभे. त्यांना चाकाच्या जाळीतून दिसणारे ब्रेकचे जबडे लाल रंगवून हवे होते.

"लाल रंगानं गाडी लवकर थांबते असं कोणी सांगितलं तुम्हाला?" ताईंनी विचारलं.

"तसं नाही, दिसायला छान दिसतं."

"मग रंगाऱ्याकडे जा. गाडी थांबवायची असेल तर माझ्याकडे या."

ते गृहस्थ हसले. ताई हसल्या नाहीत. मी पार्ट घेतला आणि तिथंच विचारलं, मला कामावर घ्याल का? "उद्यापासून ये. आधी ते डोळ्यावरचे केस काप," एवढंच म्हणाल्या. मी कापले. पुढे कित्येक वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, आणि आज लोणावळ्यात माझं स्वतःचं जे काही आहे ते त्यांच्याकडून शिकलेल्यावर उभं आहे.

या अंकाच्या सगळ्याच वाचकांना ट्रॅक डे म्हणजे काय हे माहीत नसेल, म्हणून सांगतो. सुदुंबऱ्याच्या बाजूला गाड्यांच्या चाचणीसाठी बांधलेला एक बंदिस्त रस्ता आहे. सुट्टीच्या दिवशी आमचं मंडळ तो भाड्यानं घेतं आणि ज्यांच्याकडे वेगवान गाड्या आहेत ते तिथं मनसोक्त पळवतात. हा शौक आहे, मला मान्य आहे. पण सार्वजनिक रस्त्यावर लोकांच्या जिवावर उठण्यापेक्षा हा शौक शंभर पटीनं बरा. शनिवार-रविवारी घाटातून ब्रेकवर पाय ठेवूनच खाली उतरणाऱ्या आणि चाकांतून धूर निघाला की माझ्या गॅरेजसमोर येऊन "गाडीतच काहीतरी खोट आहे" म्हणणाऱ्या पर्यटकांवर मी इथं लिहायला लागलो तर अंक पुरणार नाही.

ट्रॅकवर ब्रेक एकामागून एक असे लागत राहतात की त्यांना निवायला फुरसत मिळत नाही. ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरलेलं असेल तर ते उकळतं आणि पाय नुसता खाली जातो, गाडी थांबत नाही. आमच्या मावळच्या दमट हवेत उघडा डबा पाणी ओढतोच. म्हणून ताई दर वेळी सीलबंद डबा फोडतात आणि उरलेलं ऑइल परत कोणाच्या गाडीत घालत नाहीत. नवे पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून धरणाऱ्या पट्ट्या, बसवले की त्याच बंदिस्त रस्त्यावर, वेग हळूहळू चढवत, पुन्हा पुन्हा ब्रेक लावून ते तापवायचे आणि न थांबता फिरून निववायचे, म्हणजे पॅड डिस्कवर नीट मुरतात. गरम ब्रेकवर हँडब्रेक ओढलेला त्यांना चालत नाही, चाकामागे लाकडी ठोकळा लावायचा. आणि हे सगळं झाल्यावरही ट्रॅक डेच्या सकाळी फाटकाशी प्रत्येक गाडी त्या पुन्हा बघतात. म्हणजे बघत असत. त्या क्रियापदाचा काळ का बदलला त्यावर येतोच.

ताई गोड बोलत नाहीत, हे त्यांच्या जवळच्यांनाही मान्य आहे. पण त्यांची माया कुठं असते ते मी पाहिलंय. एकदा एका बड्या गाडीचे मालक तणतणत आले, कारण लिफ्टवर त्यांच्या गाडीऐवजी डोंगरातल्या वाडीवरून दूध आणणाऱ्या दादांचा टेम्पो चढलेला होता. "माझी गाडी आधी आली होती," म्हणाले. ताई टेम्पोखालूनच म्हणाल्या, "तुम्हाला रविवारी हौस म्हणून पळायचंय. त्यांना रोज उतार उतरायचाय. बसा, चहा मागवते." मालक बसले. चहा पण प्यायले.

आता शेंदूर.

सुदुंबऱ्याचे किरणभाऊ आमच्या मंडळाचे उत्साही सभासद. गेल्या वर्षीच्या ट्रॅक डेला पहिली गाडी त्यांची सुटणार होती, पाहुणे बोलावले होते, फोटोवाले होते. त्यांच्या गाडीला ताईंनी स्वतः नवे ब्रेक बसवून, मुरवून दिले होते. गाडी आदल्या दिवशी घरी गेली. किरणभाऊंच्या मातोश्री हौसाबाई यांनी विचारलं, गाडीला नवीन काय घातलं? ब्रेक, असं उत्तर मिळालं. आपल्याकडे नवी वस्तू पुजल्याशिवाय वापरत नाहीत. हौसाबाईंनी गावच्या मारुतीचा शेंदूर तेलात कालवला, आणि जे नवीन होतं त्यालाच, म्हणजे चारही चाकांच्या जाळीतून बोटं घालून त्या चकचकीत डिस्कना, भरपूर लावला. पोराला जे वाचवणार तेच पुजायचं, यात त्या माउलीचं काय चुकलं?

सकाळी फाटकाशी ताई चाकाजवळ बसल्या, आत बोट फिरवलं, वास घेतला आणि उठून म्हणाल्या, "ही गाडी जाणार नाही."

"ताई, आईनं पूजा केलीय," किरणभाऊ म्हणाले. "फडक्यानं पुसून टाकू की."

"डिस्क पुसता येईल. पॅडनी तेल प्यालंय, ते कसं पुसणार? पॅड बदलायला लागतील, परत मुरवायला लागतील. आज होत नाही."

मग जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. समितीतली शहाणी मंडळी धावत आली. पाहुणे आलेत, एकच फेरी मारू द्या, हळू चालवतील. ताई ऐकेनात. शेवटी त्यांनी खुर्ची ओढली आणि गाडीच्या नाकासमोर मांडून बसल्या. किरणभाऊ लालबुंद झाले, पण त्यांनी गाडी वळवली. जाताना ताईंनी त्यांना बाजूला घेतलं. मी शेजारीच होतो. "आईंना काही बोलू नका," म्हणाल्या. "वर्कशॉपमध्ये तेल सांडलं म्हणून सांगा. माझ्यावर ढकला."

बघा, स्वतःच्या नावाला बट्टा लावून घ्यायची तयारी कोणासाठी, तर कधी न भेटलेल्या एका बाईला पोरापुढे ओशाळं वाटू नये म्हणून. आणि त्याच दुपारी मंडळाच्या मोबाइल ग्रुपवर काय फिरलं? ताईंनी देवाच्या शेंदराला घाण म्हटलं. ताई देव मानत नाहीत. बाईमाणसाला एवढा ताठा बरा नाही. अरे, त्या बाईंच्या तोंडून 'तेल' याशिवाय शब्द निघाला नव्हता. वर्कशॉपमध्ये रोज सकाळी पहिली उदबत्ती त्या लावतात, हे त्यांच्या हातचा प्रसाद खाणाऱ्यांनाही आठवलं नाही.

पुढच्याच बैठकीत फाटकावरची तपासणी ताईंकडून काढून घेतली. कारण काय दिलं, तर 'सभासदांच्या भावना'. त्यांच्या जागी जे आले ते टायरला लाथ मारतात आणि अंगठा वर करून गाडी सोडतात. मी बैठकीत विचारलं, ती गाडी गेली असती तर? तर एक जण म्हणाले, "पण काही झालं तर नाही ना?" मला अजून ते वाक्य आठवलं की डोकं फिरतं. काही झालं नाही, कारण ताईंनी गाडी जाऊ दिली नाही. आणि काही झालं नाही म्हणून ताई चुकल्या, असं ठरलं. असला हिशेब मी आमच्या गॅरेजमध्ये कोणा नवख्याकडूनही ऐकून घेतला नसता.

मी ताईंजवळ यावर चिडून बोललो तर त्या मलाच म्हणाल्या, "तू तुझं काम कर."

काही आठवड्यांनी मी उर्श्याला गेलो होतो, तेव्हा रिक्षातून एक आजी उतरल्या. हौसाबाई. तळेगावच्या बाजारात त्यांना कोणीतरी सगळं सांगितलं होतं.

"ताई तुमीच का?" त्यांनी विचारलं. "माज्या शेंदरावरनं भांडान झालं म्हनं."

ताई गडबडल्या. त्यांना गडबडलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं. "नाही मावशी, तसं काही नाही."

"व्हय, तसंच हाय. त्येल लागलं तर गाडी थांबत न्हाई, हे मला कुनी सांगितलंच न्हाई. पोरगंबी न्हाई बोललं." त्या खाली बसल्या, पदरानं तोंड पुसलं. "माज्या नावानं लय भांडले म्हनं बाप्ये लोक. मला यकानंबी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर म्या सांगितलं असतं, त्या बाईच्या पाया पडा."

ताई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. किरणभाऊंच्या गाडीसाठी आलेले नवे पॅड खोक्यातच होते. ते खोकं त्यांनी हौसाबाईंच्या पुढ्यात ठेवलं, हळदीकुंकवाचा करंडा आणला आणि म्हणाल्या, "मावशी, यापुढे पूजा अशी करायची. खोकं बंद असताना. मग आम्ही उघडतो." हौसाबाईंनी खोक्याला कुंकू लावलं, मग ताईंच्या कपाळालाही लावलं. तेव्हापासून वर्कशॉपमध्ये ही पद्धतच पडलीय. ज्यांना पूजा करायची ते आदल्या दिवशी येतात, खोकं पुजतात, ताई स्वतः आरतीचं ताट धरतात. देव न मानणाऱ्या बाईंची ही पद्धत, समितीनं नोंद घ्यावी.

आता सत्कार ठरलाय. त्याच ट्रॅकवर, ट्रॅक डेच्याच दिवशी, गाड्या सुटायच्या आधी शाल-श्रीफळ. ज्यांनी तपासणी काढून घेतली तेच शाल घालणार. ताई नकार देतील असं मला वाटलं होतं, मी तर त्यांना नकार द्याच म्हणालो. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "सत्कार घेईन की. पण आधी मला गाड्या बघू द्या म्हणावं. शाल पांघरून चाकाखाली वाकता येत नाही."

हा निरोप मी समितीला पोहोचवलाय. उत्तर आलेलं नाही. म्हणून तो इथं छापतोय, म्हणजे सगळ्यांनाच माहीत होईल. हौसाबाईंनाही मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्या येती त्या दिवशी. फाटकात हुबी ऱ्हाती. ताईंनी बगितल्याबिगर माजं पोरगं आत जायाचं न्हाई, आन् दुसऱ्या आईचंबी न्हाई." त्यांच्या भावनांची काळजी समितीला होतीच. आता त्या स्वतःच सांगायला येणार आहेत.

ताईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि चाकाजवळ बसून पुन्हा उठता येईल असे गुडघे त्यांना शंभरीपर्यंत पुरोत. त्या आपल्यावर चिडत राहोत, आणि आपली पोरं संध्याकाळी घरी येऊन जेवत राहोत.