वर बांधलेली सूर्यफुलं

माघातल्या उन्हात तापलेल्या सूर्यफुलाचा तो राळेसारखा चिकट वास नाकाशी आला की अजूनही माझं डोकं भडकतं. बोटांवरचा चीक केव्हाच गेला. राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मोठ्या दुष्काळानंतरचा तो दुसरा हंगाम. जामखेडकडच्या माळरानांवर सूर्यफूल नवंच आलं होतं आणि शेतकी खात्यातला मी कोराकरकरीत मदतनीस त्याचे गोडवे गात गावोगाव हिंडत होतो. त्या पिवळ्या वैभवाचं खरं चीज केलं ते राघूंनी. थवेच्या थवे उतरत, फुलाच्या कडेवर बैठक मारून सावकाश दाणे सोलत, आणि गोफण फिरवून माणसांचे खांदे भरून येत. त्यातल्याच एका गावात स्वतःचं रान कसणाऱ्या सखूमावशींनी मात्र पहिल्याच वर्षी हेरून ठेवलं होतं, की दाणा भरताना ज्या फुलाची मान पार जमिनीकडे वळते, त्यावर राघूला नीट बसताच येत नाही. तेवढ्याच झाडांना लुगड्याच्या चिंध्या बांधून त्यांनी बी वेगळं राखलं आणि दुसऱ्या वर्षी रस्त्याकडेच्या चार ओळींत पेरलं. बाकीचं रान पाखरांनी धुऊन नेलं, त्या चार ओळी तेवढ्या भरत होत्या. पुढच्या साली सगळ्या रानात हेच बी पेरायचं, हा त्यांचा ध्यास होता.

"कुसळाच्या बाजरीला पाखरू शिवतं का, भाऊसाहेब? तसंच हाय हे," त्या म्हणत, आणि पुस्तकं वाचून आलेला मी नंदीबैलासारखी मान डोलवी.

मग कुणी बडे पाहुणे जीपने पाहणीला येणार असल्याचा निरोप आला. आदल्या दिवशी आमचे साहेब आले आणि त्या चार ओळींपाशी थबकले. "ही फुलं अशी मरगळलेली का? पाहुण्यांना तोंडं दिसली पाहिजेत. तुराट्या रोवा आणि वर बांधा."

मावशी आडव्या आल्या. "मरगळलं न्हाई, साहेब. दाना झाकून बसलंय ते."

साहेब हसले. आणि ज्याला सगळं ठाऊक होतं त्या मी, मान मोडू नये अशा बेताने, एकेक फूल सुतळीने आभाळाकडे बांधलं. पाहुणे त्या दिवशी आले नाहीत, दुसऱ्याही दिवशी नाहीत. मावशी गाठी सोडायला आल्या की मी म्हणे, "आजचा दिवस थांबा, मावशी." तिसऱ्या दिवशी जीप धुरळा उडवीत न थांबता निघून गेली. तोवर राघूंनी ताटं चाटूनपुसून ठेवली होती. खाली नुसत्या टरफलांचा सडा. अहवालात साहेबांनी लिहवून घेतलं, 'वाण पक्ष्यांना बळी पडणारा.' अक्षर माझं होतं.

एकच फूल वाचलं होतं. त्याची गाठ मी सैल मारली असावी. ते घसरून पुन्हा खाली वळलं होतं. मावशींनी ते चोळून दाणे पदरात बांधले. मी धीर करून म्हणालो, "थोडे मला द्या, खात्यात दाखवतो."

त्यांचा आवाज चढला नाही. "न्हाई भाऊसाहेब. तुमच्या हातात न्हाई."

पुढे पुष्कळ शेतं पाहिली, पुष्कळ अहवाल लिहिले. वळलेल्या मानेचं सूर्यफूल दिसलं की पाय आपोआप थांबतात. तो वाण त्या मूठभर दाण्यांतून आला असेल का, कुणास ठाऊक. मी त्याला हात लावत नाही.