भावोजींची फोटोची वही

ऊन वाया चाललं म्हणून हळहळणारा माणूस साऱ्या मद्रासेत एकच होता, आणि तो आमच्या घरात होता: माझे थोरले दीर. आठवडाभर मद्रासेजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात कारकुनी करायची आणि रविवारी गळ्यात डब्यासारखा कॅमेरा अडकवून गच्चीवर सावल्या बघत फिरायचं, हा त्यांचा नेम. सासूबाईंनी वाळत घातलेल्या सांडग्यांची ताटं ते खुशाल उचलून कडेला ठेवत. "अरे, ते ऊन माझ्या सांडग्यांचं आहे, तुझ्या डब्याचं नाही!" असं त्या ओरडत. एकदा दारात दूध काढायला आलेल्या गवळ्याला त्यांनी गाईसकट उभं केलं आणि ढग सरायची वाट बघत बसले. "सार, अजून चार घरं आहेत," असं तीनदा सांगून गवळी निघाला. फोटोत गाईचं शेपूट तेवढं आलं. भावोजींनी ते वहीत चिकटवून खाली लिहिलं, 'घाई केल्याचा परिणाम.'

ती वही म्हणजे त्यांचं पुस्तक. ज्याने कधी कॅमेरा हातात धरला नाही अशा माणसाला मराठीतून फोटो काढायला शिकवायचं, एवढाच त्यांना ध्यास होता. कारखान्यातल्या मित्रांनी चेष्टा केली. माझ्या यजमानांनीही विचारलं, "दादा, पण एवढा अडाणी वाचक आणणार कुठून?" तेव्हा भावोजींना मी आठवले.

पंचाईत अशी, की आमच्या घरात धाकट्या सुनेने थोरल्या दिरांकडे मान वर करून बघायचं नाही, बोलायचं तर नाहीच. अकरा वर्षांत मला त्यांचे पाय चांगले ओळखू येत, चेहरा नाही. म्हणून ते झोपाळ्यावर बसून वही वाचत, मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी, आणि मध्ये सासूबाई.

"आई, तिला विचार, समजलं का."

"समजलं का गं?"

मी मान हलवायची.

"समजलं म्हणते."

चौथी शिकलेली मी, नाही कसं म्हणणार? माझ्या त्या मानेच्या भरवशावर पानामागून पान पुढे गेलं.

एका रविवारी ते म्हणाले, "आई, आता तिलाच वहीत बघून माझा फोटो काढू दे. नाही जमलं, तर वही चुलीत." ते थट्टा करत नव्हते. चार महिन्यांची त्यांची मेहनत माझ्या खोट्या होकारापायी जळणार होती. दुपारी मी कॅलेंडरच्या पानामागे लिहिलं: 'तिसरं पान कळलं नाही. सूर्य कोणाच्या पाठीशी? डबा डोळ्याला लावायचा नाही, तर बघायचं कुठून?' चिठ्ठी वहीत ठेवली आणि पुन्हा दाराआड जाऊन उभी राहिले.

झोपाळा थांबला. मग भावोजी हळूच म्हणाले, "आई, तिला सांग, मी चार महिने हीच चिठ्ठी शोधत होतो."

त्यांनी तिसरं पान पुन्हा लिहिलं. 'सूर्य तुमच्या पाठीशी असावा. डबा पोटाशी धरा, मान खाली घालून वरच्या लहान काचेत बघा. तिथे डाव्याचं उजवं दिसेल. घाबरू नये.'

पुढच्या रविवारी मी गच्चीवर डबा पोटाशी धरला. मान खाली घालायला मला कोणी शिकवावं लागलं नाही. काचेत पोस्टाच्या तिकिटाएवढे भावोजी उभे होते. कपाळ रुंद, डोळे थकलेले, डाव्या गालावर तीळ. एवढा साधा चेहरा, आणि मी त्याला इतकी वर्षं घाबरत होते! मी बघतच राहिले.

"आई, तिला सांग, खटकाही दाबायचा असतो."

फोटो छान आला. वही चुलीतून वाचली, पण छापली काही गेली नाही. मराठी अक्षरांचे खिळे असलेला छापखाना त्यांना इथे मिळाला नाही, आणि पुढे त्यांनाच वेळ मिळाला नाही. ते गेले तेव्हा घरात त्यांचा असा तेवढा एकच फोटो निघाला. तो भिंतीवर आहे. त्यात तीळ उजव्या गालावर आहे, आणि तेच खरं, हे वही वाचल्यामुळे मला समजतं. तरी मला भावोजी आठवतात ते डाव्या गालावर तीळ असलेले, मी खटका दाबायची वाट बघत उन्हात उभे.