साडेसहाची रांग

इरा आणि नील,

आईला सांगा, हे एका बैठकीत वाचून दाखव. जिथे हिंदी येईल तिथे ती अर्थ सांगेल.

गेल्या रविवारी फोनवर नील रागावलेला होता. शाळेच्या फुटबॉल टीमला नवे कोच आले आणि त्यांनी त्याला एक अख्खा सामना बाहेर बसवले. "आजी, ही इज सो अनफेअर," एवढे बोलून त्याने कॅमेरा बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी लखनौबाहेरच्या बख्शी का तालाब गावाहून फोन आला, गजभिये सर गेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण त्या लागोपाठ घडल्या, आणि घरात फक्त आजोबांना ठाऊक असलेली एक गोष्ट तुम्हालाही सांगावी असे मला वाटले.

तेव्हा मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. कॉलेज इथेच, लखनौच्या अलीगंजात, घरापासून चालत दहा मिनिटांवर. जुलैतल्या एका सकाळी प्रवेशाच्या कामासाठी मी साडेसहालाच पोचले, तर मैदानावर वीस-बावीस मुले कमरेत वाकून, हातभर अंतर सोडून, एका रांगेत या गोलपोस्टकडून त्या गोलपोस्टकडे चालत होती. मधोमध पिकल्या केसांचा एक ताठ माणूस. पँट वर दुमडलेली, पाय अनवाणी. कोणीच बोलत नव्हते. मला वाटले, कोणाची तरी सोन्याची साखळी पडली असावी.

रांग जवळ आली तेव्हा मी विचारले, "क्या खो गया?"

"खोया कुछ नहीं, मैडम. मिल रहा है," तो माणूस म्हणाला आणि त्याने मूठ उघडली. दोन खडे, बाटलीच्या काचेचा तुकडा आणि गुलाबी दोऱ्याचा गुंता. मी दोऱ्याला बोट लावले आणि "अगं आई गं" म्हणत हात मागे घेतला. बोटावर बारीक लाल रेघ उमटली होती.

त्याचा चेहराच बदलला. "मराठी का जी?"

हे गजभिये सर. मूळचे कामठीचे. हवाई दलात जवानांना कसरत शिकवण्याचे काम करून निवृत्त झाले, बख्शी का तालाबला छोटे घर बांधले आणि वर्षभराच्या करारावर आमच्याकडे फुटबॉलचे कोच म्हणून आले. कामठीत पोरे चालायला लागली की फुटबॉल खेळतात, असे ते सांगत. लखनौच्या पतंगांविषयी मात्र त्यांची तक्रार होती. "आमच्याकडे संक्रांत झाली की संपलं. इथं बाराही महिने कोणी ना कोणी उडवूनच राहिलं. पतंग कटते, मांजा खाली पडते, अन् माझा पोट्टा त्याच्यावर घसरते. पायाची पिंडरी उघडी होते ताई, ब्लेडनं कापल्यासारखी." पहिल्याच भेटीत मी त्यांची ताई झाले होते.

गोळा केलेला मांजा ते फेकत नसत. खेळाच्या खोलीत एक मोडका क्रिकेटचा स्टंप होता, त्यावर गुंडाळत. कोणी विचारले तर म्हणत, "फेकला तर पुन्हा माझ्याच मैदानात येते."

त्यांचा नियम एकच होता. जो सकाळच्या रांगेत नाही, तो त्या दिवशी मैदानात नाही. "जमीन पहिले, बॉल मग," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. मुलांना ते हिंदीत सांगत, "गेंद तो सब देखते हैं बेटा. तुम यह देखो कि तुम्हारे साथी का पैर कहाँ पड़ेगा." रांगेत ज्याच्या वाट्याला जो पट्टा येई, तिथे सामन्यात दुसराच कोणी पडणार, हे मुलांना हळूहळू कळले. सामना आपल्या मैदानावर असला तर समोरच्या टीमची बाजूही तितक्याच बारकाईने वेचून साफ केली जाई. कप्तान पांडे एकदा कुरकुरला, "सर, उनकी तरफ भी हम ही बीनें?" सर म्हणाले, "उनकी टाँग क्या प्लास्टिक की है?"

नियम त्यांनाही लागू होता. जानेवारीत एकदा दाट धुके होते आणि त्यांची स्कूटर वाटेत बंद पडली. ते पोचले तेव्हा रांग पलीकडच्या गोलाला टेकली होती. सर मैदानाच्या दोरीबाहेर, दगडी पायरीवर जाऊन बसले. पांडे धावत आला, "सर, आइए न." सरांनी मान हलवली. "आज तुम लो." दोन तास ते मफलर गुंडाळून गप्प बसले होते. मी चहा नेऊन दिला तर म्हणाले, "पोट्टे मजेत आहेत आज. माझी शिक्षा पाहून त्यांचं पोट भरलं."

पहिल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमची टीम पहिल्याच फेरीत हरली, तरी सरांचा करार आणखी एका वर्षाने वाढला. दुसऱ्या वर्षी मात्र काहीतरी जुळून आले. निशातगंजच्या एका शिंप्याचा मुलगा फैजान टीममध्ये आला होता. बारीक, लाजाळू, वर्गात मागच्या बाकावर बसणारा. मैदानावर मात्र तो कुठून निघाला आणि कधी पोचला हे दिसतच नसे. आम्ही एकामागून एक तीन सामने जिंकलो, आणि तिन्हीत त्याचे गोल होते.

त्याच सुमारास प्राचार्यांनी अर्धे मैदान नव्या इमारतीला द्यायचे ठरवले. बैठकीत सर उभे राहिले. त्यांना भाषण जमत नसे. "सर, आधे मैदान में फुटबॉल नहीं होता," एवढेच म्हणाले. प्राचार्य हसले. "गजभिये साहब, आप फाइनल तक पहुँच जाइए. मैदान को कोई हाथ नहीं लगाएगा, और आपका कॉन्ट्रैक्ट भी आगे बढ़ेगा." क्रीडा समितीची सचिव म्हणून ते वाक्य इतिवृत्तात मीच लिहिले आणि त्यावर सह्या घेतल्या.

तुम्ही माझी कपाटे पाहिली आहेत. प्रत्येक कागद जागच्या जागी, प्रत्येक फाइलवर चिठ्ठी. टीमचे कागदही माझ्याकडेच असत. प्रत्येक खेळाडूचा फॉर्म स्वच्छ, बिनखाडाखोडीचा हवा, हा माझा आग्रह. सरांच्या रांगेला मी मान देत होते, पण मनात कुठेतरी वाटे की खरी शिस्त कागदाचीच.

उपांत्य सामना आमच्याच मैदानावर होता, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, सकाळी दहाला. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सारे लखनौ गच्चीवर चढून पतंग उडवते. त्यानंतर मैदानावर कोणी फिरकले नव्हते. गवतात इतका मांजा पडला असणार होता की सरांनी आदल्या दिवशी मुलांना फोनवर बजावले, उद्या एकही हात कमी पडता कामा नये.

आदल्या संध्याकाळी फाइल लावताना माझ्या लक्षात आले, फैजानच्या फॉर्मवर जन्मतारखेत खाडाखोड आहे; आधीच्या तीन सामन्यांत ती माझ्याही नजरेतून सुटली होती. मी त्याला फोन केला. "सुबह छह बजे घर आ जाओ, नया फॉर्म भर दो. दस मिनट का काम है. और सर को मत बताना, खामखाह परेशान होंगे."

"जी मैम," तो म्हणाला.

तो सहाच्या आधीच आला. पण त्याने घाईत नव्या फॉर्मवर वडिलांच्या नावाच्या जागी स्वतःचे नाव लिहिले. मी तो फाडला. दुसऱ्या फॉर्मवर त्याचा तळहात टेकला. शाई पसरली. मी तोही फाडला. "आराम से लिखो," मी म्हणाले. तो सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. मला नियम माहीत होता. तरी आज सर काही बोलणार नाहीत, आज सामना आहे, असे मी गृहीत धरले. तिसरा फॉर्म माझ्या मनासारखा झाला तेव्हा सात वाजत आले होते.

पुढचे मला पांडेने नंतर सांगितले. फैजान धावत पोचला तेव्हा मुले पलीकडच्या गोलाशी बोटांना पट्ट्या लावत होती. सरांनी विचारले, "कहाँ थे?" फैजान म्हणाला, "सर, देर हो गई." बस. मी सांगू नको म्हटले होते, त्याने सांगितले नाही. सर म्हणाले, "उधर बैठो." पांडे हात जोडून म्हणाला, "सर, आज के दिन?"

"आज के ही दिन."

मी साडेनऊला फाइल घेऊन आले. फैजान दोरीबाहेर, त्याच दगडी पायरीवर, गुडघ्यांत हात घालून बसला होता. मला पाहून त्याने मान खाली घातली. तेवढ्यावरून मला सगळे कळले.

अर्धा तास हातात होता. सर मैदानाच्या मध्यावर होते, माझ्यापासून पन्नास पावलांवर. पण माझ्या शेजारच्या खुर्चीवर प्राचार्य होते, पाहुणे होते. उठून सरांकडे गेले तर सर्वांसमोर सांगावे लागणार, की सामन्याच्या सकाळपर्यंत माझे कागद तयार नव्हते. मी मनाशी म्हटले, उत्तरार्धात ते त्याला घेतीलच. मी मांडीवर फाइल धरून बसून राहिले.

उत्तरार्धातही त्यांनी त्याला घेतले नाही. आम्ही एका गोलने हरलो. आमची पोरे जीव तोडून खेळली, पण समोर चेंडू न्यायला कोणी नव्हते. कोणाच्याही पायाला मांजा लागला नाही, ना आमच्या, ना त्यांच्या. आणि तो फॉर्म? पंचांनी फाइल घेतली, वरचे पान पाहिले आणि परत दिली. फैजानच्या फॉर्मपर्यंत कोणी पोचलेच नाही.

तीन दिवस मी आजोबांशीही धड बोलले नाही. चौथ्या दिवशी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग?"

दुपारी मी खेळाच्या खोलीत गेले. सर स्टंपवर मांजा गुंडाळत होते. मी सगळे सांगितले, पहिल्या फोनपासून. त्यांचा हात थांबला.

"ताई, हे तुम्ही मॅचच्या आधी सांगितलं असतं, तर मी त्याला खेळवलं असतं," ते म्हणाले. "तो उशिरा नव्हता आला. तो टीमच्याच कामावर होता."

मी म्हटले, "मला माफ करा, सर."

"मले काय माफी मागता? मी तरी कुठं विचारलं त्याले?" ते स्टंपकडे पाहत राहिले. "कहाँ थे, एवढंच म्हटलं. क्यों, हे नाही विचारलं. पोट्ट्यानं तुमचा शब्द राखला, अन् मी समजलो त्याले रांगेची कदर नाही." मग उठताना म्हणाले, "उद्या सकाळी या. साडेसहा."

दुसऱ्या दिवशी मी साडीवर कॅनव्हासचे बूट घालून रांगेत उभी राहिले. सरांनी सगळ्यांना थांबवले. ते फैजानसमोर गेले. "बेटा, उस दिन मैंने पूछा नहीं. कोच की गलती थी. मुझे माफ करना." त्यांनी माझे नाव घेतले नाही, आणि घेणारही नव्हते, हे मला उमगले. म्हणून मीच बोलले. बावीस मुलांसमोर, माझ्या नीटनेटक्या हिंदीत, काय झाले ते सांगितले. फैजान जमिनीकडे पाहत म्हणाला, "मैम, रहने दीजिए." पांडे म्हणाला, "मैम, झुकिए, आपके पैर के पास काँच है." आणि रांग निघाली.

मी प्राचार्यांकडेही गेले आणि झाले ते लेखी दिले. त्यांनी कागद वाचून फाइलला लावला. निकाल तो निकाल, म्हणाले. मार्चमध्ये सरांचा करार संपला तो वाढला नाही. शेवटच्या सकाळी ते नेहमीसारखे रांगेत चालले, स्टंप पांडेच्या हातात दिला आणि स्कूटर सुरू केली. मला म्हणाले, "ताई, रांग मोडू नका देऊ." मी निवृत्त होईपर्यंत रोज गेले.

पुढे ते बख्शी का तालाबला, गहू कापून मोकळ्या झालेल्या शेतात, गावातल्या मुलामुलींना खेळवत. आम्ही दोन-तीनदा भेटायला गेलो. त्यांनी तो सामना पुन्हा काढला नाही. मीही नाही. पण एकदा एक मुलगी उशिरा आली, तेव्हा त्यांनी तिला हाक मारली आणि विचारले, "क्यों, बिटिया?" तिची म्हैस सुटली होती. सर म्हणाले, "अच्छा. मिल गई? तो आ जाओ."

परवा त्यांच्या घरी बुद्धवंदना झाली. फैजान निशातगंजहून आला होता. आता वडिलांचे दुकान तोच पाहतो. निघताना त्याने मला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या.

नील, तुझ्या कोचने तुला का बसवले हे मला माहीत नाही. त्यांनी तुला कारण विचारले का? नसेल, तर तू जाऊन सांग. आणि तुझ्याऐवजी दुसऱ्या कोणी सांगायला हवे असेल, तर त्याला सांगायला लाव. सामना सुरू होण्याआधी.

आज सकाळी मी कॉलेजवरून चालत आले. मैदानाच्या अर्ध्या भागावर इमारत आहे. उरलेल्या अर्ध्यात साडेसहाला रांग चालत होती. त्यांतल्या एकाही मुलाने गजभिये सरांना पाहिलेले नाही. एक मुलगा धापा टाकत उशिरा आला. कप्तानाने त्याला विचारले, "क्यों?" आणि उत्तर ऐकून घेतले.

तुमची,
आजी