ठिपके नसलेला भुंगा

आमच्या गावच्या शेती सोसायटीच्या गोदामातले मामा काहीही हातात घेण्याआधी धोतराला बोटं पुसतात. त्या दुष्काळात शेजारची अक्का आंब्यावर सापडलेला लांब मिशांचा भुंगा घेऊन आली.

"पानं लई गळाली. झाड तोडू का?"

मी बी.एस्सी.ला होतो, सुट्टीत गोदामात मामांच्या हाताखाली असायचो. लगेच म्हणालो, "भिरूड आहे, खोड पोखरतो. तोडा."

मामांनी बोटं पुसून भुंगा तळहातावर घेतला.

"अक्का, आंब्याजवळ सरपण रचलंय का?"

"हाय की."

मग ते माझ्या कानाशी म्हणाले, "भिरडाच्या पाठीवर नारिंगी ठिपके असत्यात. ह्यो वाळल्या लाकडातला हाय."

आणि मोठ्यानं, "अक्का, पोरानं परत नीट बघितलं. भिरूड न्हाई. पानं पाण्यावाचून गळत्यात, न्हाणीचं पाणी आंब्याला सोडा."

अक्कानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. भुंगा कुणी ओळखला, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.